शेजारचा डबा

माजलगाव

प्रिय माया,

रोज फोनवर तुझं डोकं खाणारी उज्मा आज कागद घेऊन का बसली, असं वाटलं असेल तुला. सांगते. ईदला तुमच्याकडे शिरखुर्मा पाठवला, तर सिंधुमावशीनं, खुद्द तुझ्या आईनं, डबा घासून रिकामा परत दिला. रिकामा, माया! निदान चिमूटभर साखर? तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

आधी वाटलं, माझंच काही चुकलं. अम्मी काही बोलली का, गल्लीत कुणी मावशीचे कान भरले का, सगळं उकरून झालं. परवा खिचडी पाठवली, डबा पुन्हा रिकामा. मावशी दारातूनच हसली, आत ये म्हणाली नाही.

आज तोच डबा पुसताना आपण बनवलेला ‘शेजार’ नावाचा खेळ आठवला. कॉम्प्युटर क्लासमध्ये बाकीचे गाड्या पळवायचे खेळ बनवत होते, आणि आपण दोघी पडद्यावर गल्ली वसवत बसलो होतो. ना गोळीबार, ना हारजीत. कोण कुणाकडे गेलं, आजारपणात कुणी विचारपूस केली, यावर माणसं जवळ यायची नाहीतर तुटायची. तू हौसेनं नियम घातलास, शेजारचा डबा रिकामा परत जाणार नाही. झालं! खेळातल्या जिनतकडून शिरखुर्मा, शेजारच्या सटवाकडून धपाटे, पुन्हा शिरखुर्मा, पुन्हा धपाटे. कॉम्प्युटर जो अडकला तो अडकलाच. सरांनी कपाळाला हात लावला, “अगं, ह्या गल्लीतली माणसं कामाला कधी जाणार?” शेवटी युक्ती मावशीनंच सांगितली, भाकरी थापता थापता. “दुखवट्याच्या घरून डबा रिकामाच येतो, पोरींनो. एवढं कसं कळंना तुमाला?” तो नियम घातला, दुखवट्याच्या घरी डब्यांची फेरी थांबायला लागली आणि गल्ली सुरळीत चालली.

हे आठवलं आणि मी तशीच तुमच्याकडे पळाले. घरात कुणी गेलेलं नाही, मग दुखवटा कुणाचा? मावशीनं आधी उडवाउडवी केली, मग रडायलाच लागली. माया, तिच्या छातीत गाठ आहे. बीडच्या डॉक्टरांनी सांगितलंय, लगेच ऑपरेशन केलं तर बरी होईल. ते सांगूनही बरेच दिवस झाले, आणि ही बाई स्वतःचाच दुखवटा धरून बसलीय. म्हणते, “मायाला आत्ता कुठं नोकरीत पर्मनंट केलंय. तिला काहून घोर लावायचा? माझं काय, झालं आता.” माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून घेतला आणि वदवून घेतलं, की फोनवर तुला यातलं अक्षर सांगणार नाही.

फोनवर नाही सांगितलं. पत्राचं ती काही बोलली नव्हती. मला लई भीती वाटतेय गं. माझं ऐकत नाही ती, तुझं ऐकेल. वाचशील तशी निघ. डबा मी मुद्दाम तुमच्या ओट्यावरच सोडून आलेय, आणि मावशीला बजावलंय की आता रिकामा घेणार नाही. तो भरून आणून द्यायला तूच ये.

तुझीच शेजारीण,
उज्मा