दोन डाव्या बाह्या

प्रिय वेंधळे,

दचकू नकोस, अक्षर माझंच आहे. ओळी जरा उजवीकडे घसरतायत, पण वाचता येतील. तुझ्याशी समोरासमोर बोलायला गेले की एक तर आपलं वाजतं, नाहीतर तू "आई, चहा टाकते" म्हणून उठून जातेस. म्हणून लिहितेय. सकाळी अर्धा-पाऊण तास माझं डोकं लख्ख असतं. तेवढ्यात जमेल तसं लिहायचं आणि कागद मापवहीत लपवायचा, असं चाललंय. आजचा चौथा दिवस. एखादी गोष्ट दोनदा आली तर हसू नकोस. हसलीस तर निदान मला कळू देऊ नकोस.

वेंधळी हे नाव तुला मीच ठेवलं, आणि उगाच नाही ठेवलं. लग्न होऊन आलीस त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात मी तुला दुकानात एक बटण लावायला दिलं होतं. तू कोट मांडीवर घेतलास आणि बटण लावलंस ते स्वतःच्या कपड्यासकट. गिऱ्हाइकाने कोट उचलला, तशी त्याच्याबरोबर तूही उठलीस. सगळं दुकान हसलं. मी नाही हसले. घरी येऊन लेकाला सांगितलं, बायको तुझी गुणाची असेल, पण तिला माझ्या टेबलाजवळ फिरकू देऊ नकोस. त्या गोष्टीला बावीस वर्षं झाली आणि तू माझ्या टेबलापासून हलली नाहीस. मीही काही कमी नव्हते म्हणा. एका खांद्यासाठी तुला चार-चारदा उसवायला लावलं. तू नाक पुसत उसवत राहायचीस, आणि माझी पाठ वळली की मला फूटपट्टी म्हणायचीस. मला ते माहीत नाही असं तुला वाटतं. अगं, दुकानात काजं करायला बसते त्या आपल्या काजवालीच्या तोंडात तीळ भिजत नाही हे विसरलीस का? खरं सांगू, मला ते नाव आवडलं होतं. ताठच चालायचे मी.

का चालू नये ताठ? बाईच्या हातात टेप बघून पुरुष दुकानाच्या पायरीवरूनच परत फिरायचे, त्या दिवसांत मी कोट कापायला लागले. तुझे सासरे मशीनवर बसायचे. लोक त्यांनाच मास्तर समजून नमस्कार करायचे आणि ते शांतपणे माझ्याकडे बोट दाखवायचे, मास्तर त्या, मी नुसता शिवतो. असा नवरा मिळायला भाग्य लागतं. माणूस दारातून आत येईपर्यंत मी त्याची छाती आणि खांदा नजरेने मोजलेला असायचा, टेप नुसता त्याच्या समाधानासाठी. आणि आपल्या दुकानाचा तो नियम, जो कापेल त्याने आतल्या खिशाच्या अस्तरात आपल्या रंगाचा एक टाका घालायचा, तो माझाच. माझा लाल. तू कापायला लागलीस तेव्हा तू निळा मागून घेतलास. कोट दहा वर्षांनी दुरुस्तीला आला तरी खिसा उलटा केला की कळायला हवं, शाबासकी कुणाला द्यायची आणि शिव्या कुणाला. त्या बाबतीत मी नाकावर माशी बसू दिली नाही.

आता फूटपट्टीला बाक आलाय. साठी बुद्धी नाठी म्हणतात. माझी साठीला जागेवर होती, ब्याऐंशीला नाठली. खुब्यामुळे उभं राहून कापता येत नाही, उंच स्टुलावर टेकावं लागतं. अंगठा थरथरतो. खडू फ्रिजमध्ये सापडला ते तू मला बोलली नाहीस, गुपचूप टेबलावर आणून ठेवलास, तेही मी पाहिलं. काजवाली तीस वर्षं आपल्याकडे आहे, आणि त्या दिवशी तिला हाक मारायला तोंड उघडलं तर आत नावच नाही. मग खोकल्याचं नाटक केलं. अशी माझ्याकडे बरीच नाटकं जमली आहेत. तू मला तपासायला नेलंस तेव्हा डॉक्टरने सांगितलं, कागद उजव्या हातात घ्या, मधोमध दुमडा आणि जमिनीवर ठेवा. कडेला कड लावून मी अशी घडी घातली की केसभर फरक नाही, वर नखाने दाब दिला. त्यापुढचं काय ते मात्र साफ पुसलं गेलं. त्याने आठवण केली तेव्हा मी म्हटलं, आमच्या दुकानात घडी घातलेली वस्तू जमिनीवर ठेवत नाहीत. तो हसला. तू नाही हसलीस. तेव्हाच ओळखलं, हिला कळलं.

दोरा आणायला म्हणून गेले आणि चौकात रस्ताच हरवला तो दिवस तुझ्या लक्षात असेलच. पन्नास वर्षं पायाखालचा रस्ता, आणि डावीकडे वळायचं की उजवीकडे ते सुचेना. पण कुणाला विचारायचं म्हणजे झाकली मूठ उघडायची. म्हणून समोरच्या तयार कपड्यांच्या दुकानाच्या काचेपाशी गेले आणि आतल्या पुतळ्याच्या कोटाची पारख करत असल्यासारखी उभी राहिले. खांद्यात चुकलाच होता तो. बाही जोडतात तो मुंढा इतका खोल कापलेला, की पुतळा आहे म्हणून बरं, माणसाला हात वर करता आला नसता. तेवढ्यात काचेत तू दिसलीस, माझ्यामागे वीस पावलांवर, हातात रिकामी पिशवी घेऊन भाजीवाल्याशी उगाच बोलत उभी. म्हणजे तू रोज मागून येत होतीस. मला इतका राग आला की त्या रागातच रस्ता आठवला. तू पुढे येऊन माझा हात धरला असतास ना, तर मी तिथे भर रस्त्यात तुझं माप काढलं असतं. तू नाही धरलास. मी आपल्या पायांनी घरी आले आणि तू माझ्यानंतर दहा मिनिटांनी, भाजी महाग झाली म्हणत. त्या दहा मिनिटांसाठी तुझे पाय धरावेत असं वाटलं होतं. त्याऐवजी मी चहात साखर कमी आहे म्हणून ओरडले. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, दुसरं काय.

मुख्य गोष्ट राहिली. मागच्या आठवड्यात तू अस्तराचं कापड आणायला गेली होतीस तेव्हा व्हायोलिनवाले आले होते. पोट सुटलंय, दोन वर्षांपूर्वीचा रेघांचा कोट बाजूने सैल करून हवाय म्हणाले. आणि वर म्हणाले, बाई, तुमच्या हाताची कमाल आहे, दोन वर्षं वाजवतोय पण बाही एकदाही ओढली नाही. मी फुशारले. कोट उलटा करून खिशात पाहिलं, लाल टाका. माझाच. मग सवयीने बाहीवर बोट फिरवलं आणि बोट अडखळलं. दोन्ही बाह्यांचा कट माझा नव्हता. माझी बाही कोपरात जराशी जास्त वळते, खोड आहे ती माझ्या हाताची. ही सरळ उतरली होती. आणि उजव्या बाहीला आतल्या बाजूने, काखेखाली, एक जोड होता. रेघेला रेघ अशी लावलेली की डोळ्यांना तो जोड दिसलाच नव्हता, फक्त बोटाला कळला.

काजवालीला समोर बसवलं. तिने सगळं ओकून टाकलं. रेघा जुळाव्यात म्हणून मी कापड घडी न घालता एकेरी पसरलं होतं. एकेरी पसरलं की दुसऱ्या बाहीला कागदी साचा उलटायचा असतो, हे पहिल्या महिन्यातल्या शिकाऊलाही माहीत असतं. मी उलटला नाही. दोन डाव्या बाह्या कापल्या आणि जेवायला घरी गेले. ढेकर देऊन झोपलेही असेन! तू मागे राहून दोन्ही बाह्या पसरल्यास, जोडी जुळावी म्हणून दोन्ही नव्याने कापायला घेतल्यास, उरलेली वीतभर चिंधी घेतलीस, आणि त्यातून एक डावी, एक उजवी उभी केलीस. संध्याकाळपर्यंत पाणीसुद्धा प्यायली नाहीस म्हणे. आणि मग निळा दोरा बाजूला ठेवून खिशात लाल टाका घातलास. असे किती, विचारलं तर काजवालीने बोटं वर केली. सात. दोन वर्षांत माझे सात कोट तू वाचवलेस आणि सातांचं कौतुक मी ऐकून घेतलं.

आधी मी पेटले. माझ्या दुकानात खोटा टाका! तू दारातून आत येशील तेव्हा काय काय बोलायचं ते मनात पाठ करून ठेवलं. मग तो जोड पुन्हा चाचपला, आणि राग कुठे गेला ते कळलं नाही. असा जोड मला उमेदीच्या दिवसांतही जमला नव्हता. वेंधळे, मी आयुष्यात दोन गोष्टींचा गर्व केला, एक माझी नजर आणि दुसरा माझा हात. दोन्ही चाललेत. पण त्या दिवशी त्या बाहीवर हात ठेवून मला जो अभिमान वाटला, तसा स्वतःच्या कुठल्या कोटाचा वाटला नव्हता. ही पोरगी मी घडवली, असं मोठ्याने म्हणाले. काजवाली रडायला लागली, तिला रडायला निमित्तच लागतं.

व्हायोलिनवाल्यांचा कोट तिसऱ्या खुंटीला आहे. बाजू तू सैल कर. खिसा मात्र आधी बघ. लाल टाका मी उसवला आणि तिथे निळा घातला. सुईत दोरा ओवायलाच अर्धी दुपार गेली, अंगठा ऐकेना. टाका वाकडा आलाय. तो बदलायचा नाही. कट तुझा, वाकडा टाका माझा, दोन्ही राहू देत. बाकीचे सहा दुरुस्तीला येतील तेव्हा त्यांतही तुझा दोरा तूच घाल. लाल रीळ मी काजवालीला देऊन टाकलं.

हे पत्र कशासाठी, ते आता सांगते. ते मोठ्या कात्रीच्या पेटीत ठेवतेय, कात्रीच्या वर. कात्री आजपासून तुझी. पण तू औषधं घ्यायला गेलीस तेव्हा मी डॉक्टरला नीट विचारून घेतलं, पुढे काय होणार. तो म्हणाला, पुढे पुढे वस्तू सापडेनाशा होतात आणि संशय जवळच्या माणसावरच येतो. माझी जीभ मला ठाऊक आहे. एक दिवस मी कात्री शोधेन, दिलेली आठवणार नाही, आणि चार गिऱ्हाइकांसमोर तुला चोर म्हणेन. त्या दिवशी तू चहा टाकायला उठून जाऊ नकोस. हा कागद मला वाचून दाखव. तुझा चेहरा ओळखला नाही तरी माझं अक्षर मी ओळखेन. तरीही हट्ट केला, रडले, तरी कात्री हातात द्यायची नाही. आणि इथून पुढचं त्या दिवशीच्या हट्टी म्हातारीसाठी, म्हणजे माझ्याचसाठी आहे, ते जरा मोठ्याने वाच. म्हातारे, गप बस. कात्री कुणी चोरली नाही. मी सुनेला दिली आहे, सकाळी, पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या हाताने. ती आपल्या दोघींपेक्षा चांगली कापते.

तुझीच,
फूटपट्टी