डाव्या हाताचा दांडा

ता. ४ जून

चि. धाकट्यास,

अ. उ. आ.

पत्रास कारण म्हणजे बाथरूम. हसू नकोस. डोळे गेल्यापासून बाबा भिंत चाचपत घरभर फिरतात, पण तुझ्या त्या गुळगुळीत फरशीवर त्यांचा पाय ठरत नाही. मला हाक मारायची त्यांना लाज वाटते, म्हणून दिवसभर पाणीच पीत नाहीत. शेवटी काल प्लंबरकडून नळाचा लोखंडी पाइप भिंतीत आडवा बसवून घेतला. जन्मभर सुतारकाम केलेला माणूस, बाबांनी तो दोनदा गदागदा हलवूनच पास केला. आज एकटे जाऊन आले आणि मोहीम फत्ते म्हणाले! दिसायला भिकार आहे, फोटो पाठवतेय. पण शिलाई मशीन सोडून मला धावावं लागत नाही.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ताई

ता. ९ जून

ती. ताईस,

शि. सा. न.

फोटो बघून कपाळावर हात मारला. म्हाताऱ्या आणि अपंग माणसांची घरं कशी असावीत यावर मी जगभर भाषणं ठोकतो, आणि मीच बांधलेल्या घरात नळाचा पाइप? पुढच्या महिन्यात मासिकवाले घराचे फोटो काढायला येणार आहेत. तो आधी उपट आणि भोकं बुजव. मी रीतसर आराखडा पाठवतोय. सागवानी दांडा, बोटांना खाच, खरखरीत फरशी. तुझा उतावीळपणा जन्मजात आहे, पण जरा दम धर. तोवर बाबांना तू धरून ने, त्यात काय एवढं.

रागावलीस तरी लोभ सोडू नकोस.

तुझा धाकटा

ता. २० जून

चि. धाकट्यास,

अ. उ. आ.

उपटला तो पाइप एकदाचा! सकाळी गवंडी ठोकाठोक करून भोकं बुजवून गेला, आणि पाठोपाठ तुझा आराखडा आला. बाबांना वाचून दाखवला. दारातून तीन पावलं, डाव्या हाताला, कमरेइतका उंच दांडा. तीनदा वाचायला लावलं, खाच किती खोल तेही विचारलं. सकाळची ठोकाठोक ऐकून त्यांना वाटतंय, दांडा बसलासुद्धा. पोराने माझ्यासाठी केला म्हणून इतके खूश आहेत, की खरं सांगायचं माझ्या जिवावर आलं. हे पत्र पेटीत टाकून आले की सांगते. माणसं लवकर पाठव.

तुझ्यावरची माया अजून तरी शाबूत आहे.

तुझी ताई

ता. २४ जून

ती. ताईस,

शि. सा. न.

तुझं पत्र अजून आलेलं नाही, पण राहवत नाही म्हणून लिहितो. आराखडा स्पर्धेलाही पाठवला होता, त्याला पहिलं बक्षीस! त्याला मी बाबांचंच नाव दिलंय. परीक्षक म्हणाले, यात मुलाचं प्रेम दिसतं. मनासारखं सागवान मिळेना, तेव्हा माणसं यायला दोन-तीन महिने लागतील. समारंभासाठी बाबांचा उभा, हसरा फोटो पाठव. पांढरा सदरा घाल त्यांना.

लोभ वाढव, आता तर कारणही आहे.

तुझा धाकटा

ता. २८ जून

धाकट्या,

तुझं पत्र इस्पितळात वाचलं. वीस तारखेला मी पत्र टाकायला पेटीपर्यंत गेले, दहा मिनिटं. बाबांना नवा दांडा हाताळून बघायची घाई. तीन पावलं मोजली, डावा हात कमरेइतक्या उंचीवर पुढे केला आणि सगळं अंग त्यावर टाकलं. खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणतात, या वयात आता उभं राहणं नाही. तेव्हा उभा फोटो जमायचा नाही.

पाइप मी उपटला, आराखडा मी वाचला, गप्पही मीच बसले. माझी मला शिसारी येते. पण तुझी जास्त येते, हे लिहून टाकते.

बाबा नर्सला सांगतात, पोराचं माप कधी चुकत नाही, माझंच पाऊल चुकलं. त्याला कळवू नका, फार मन लावून केलंय त्याने, असंही म्हणतात. तिथे दांडा नव्हताच, हे मी त्यांना सांगितलेलं नाही. ते तू येऊन सांगायचंस, माझ्यासमोर, त्यांचा हात धरून.

आधी बक्षीस घे, मग ये. सावकाश ये. ते आता कुठे जात नाहीत.

ताई