पकडायले कोणी येईना

आई वं,

तुह्या पियुषचा नागपूरवरून नमस्कार. मी मजेत आहो. होस्टेलचं वरण पातळ राहते, पण पोट भरते.

मले पोरी नाही, पोरं आवडतात हे मी शाळेत सांगितलं, तेव्हा तू किती घाबरली होती! त्याच शाळेतल्या पोरांनी मले कबड्डीचा कप्तान केलं.

सेमीफायनलले समोरच्या टीमले माह्याबद्दल समजलं होतं, ते मले हात लावायलेच तयार नव्हते. मी चढाईले गेलो का सगळे अंग चोरून मागं सरत. मी एकेकाले शिवून पॉइंट घेऊन आलो. जिंकलो, पण त्या दिवशी जेवण गोड लागलं नाही वं.

फायनलले उमरेडच्या धम्मानंदनं माहा घोटा असा आवळला का मी तोंडावर पडलो. गुडघा सोलला, बाकी काही नाही. आउट होऊनही मले हसू येऊन राहिलं होतं. कप मात्र आम्हीच आणला!

मिरची तोडून झाली का? बाबा माहं नाव काढतात का? समजल्यापासून त्यांनी माह्या पाठीवर हात नाही ठेवला. मी रविवारी येतो. त्यांले म्हण, कबड्डीचे जुने खेळाडू आहा ना, मंग अंगणात या अन् मले पकडून दाखवा.

तुहा,
पियुष