बोटीचा दुखवटा

मुक्काम तलाव, आसेगावजवळ
(पोस्टमन काठावरून शिट्टी मारतो, तेव्हा पत्ता हाच लिहावा.)

सतीशबुवांस अश्वजितचा सप्रेम जयभीम.

तुमची आणि वैष्णवीताईंची तब्येत बरी असेल. समुद्रकाठच्या हवेने तुमचे गुडघे धरले आहेत असं समजलं. वाईट वाटलं, आश्चर्य मात्र वाटलं नाही, कारण एका जागी बसून सल्ले देणाऱ्यांचे गुडघे धरतातच. मी ठीक आहे. बोटीची प्रकृती विचाराल, तर तुम्ही ती तुमच्या बहिणीला, पल्लवीला दिलीत तेव्हा होती तशीच आहे, म्हणजे वाईट.

बोट बुडाल्याचं कळताच तुमचा फोन आला. (पल्लवी गेली तेव्हा तुमचा मेसेज आला होता, जोडलेल्या हातांचा. तोही मिळाला.) फोनवर तुम्ही म्हणालात, "भाऊजी, भंगारात काढा आन घरी जा. ताई गेली, आता तुमी कोनासाठी पाण्यात बसून राह्यले?" त्यावर मी विचार करून कळवतो म्हणालो होतो. तेच कळवायला हे पत्र. पण आधी ती बुडाली कशी ते सांगतो, कारण तुमच्यापर्यंत जे पोचलं ते गावच्या ग्रुपवरून पोचलं, आणि त्या ग्रुपवर आजवर एकही गोष्ट सरळ आलेली नाही.

या बोटीत दरवर्षी काहीतरी निघतंच. डोलकाठीचा लोखंडी जोड तुटला, तो ट्रॉलीवाल्या वेल्डरकडून सांधून घेतला. त्याने सवयीने तिथे ट्रॉली जोडायचा हुक लावून दिला. बोट एखाद्या ट्रॅक्टरला जोडायची वेळ आली तर तयारी आहे. शीड फाटलं तेव्हा शिवणारं दुसरं कोणी नाही म्हणून मंडपवाल्याकडे दिलं. त्याने लग्नाच्या मंडपाचं लाल-पिवळं ठिगळ लावलं, आणि ठिगळाची झालर काढायचा त्याला जीव झाला नाही. वाऱ्यात ती झालर उडते तेव्हा नवरदेवाला विसरून वरात निघाल्यासारखं दिसतं. पल्लवीला मात्र ते फार आवडलं होतं. (तिची आवड तुम्हाला माहीत आहे. तिने मलाही पसंत केलं होतं.)

यंदा उन्हाळ्यात रंग द्यायला बोट काठावर ओढली आणि आपल्याकडच्या उन्हाने फळ्या वाळून फटी पडल्या. बोटीतून पलीकडचं आसेगाव दिसू लागलं. तुम्ही पाठवलेलं ते महागडं रसायन भरलं, वर डांबर फासलं. पाण्यात ढकलली तर कढईएवढं पाणी आत. अशा वेळी किन्हीराजाहून तुमचे काका दौलतराव आले. त्यांना बोटीतलं काही कळत नाही आणि ते त्यांना मान्य नाही. बोटीभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "जावईबापू, बैलबंडीचं चाक उन्हाळ्यात ढिलं झालं त आपन काय करतो? पान्यात टाकतो. ह्या लाकडाले काय येगळा जीव आहे?" मी म्हणालो, चाकात कोणी राहत नाही. ते म्हणाले, "मंग सामान काढा."

तर सामान काढलं, अंथरूण-स्टोव्ह काठावरच्या कडुलिंबाखाली नेलं, बोटीत दगड भरले आणि काठाशी छातीभर पाण्यात ती आम्ही आमच्या हाताने बुडवली. डोलकाठी तेवढी वर राहिली, आणि तिला गुंडाळलेल्या शिडाच्या ठिगळाची झालर. कोणीतरी फोटो काढला. खाली लिहिलं, सरांची बोट बुडाली, भावपूर्ण.

दुसऱ्या दिवसापासून माणसं बसायला येऊ लागली. सतीशबुवा, मी अतिशयोक्ती करत नाही, मी गणिताचा मास्तर होतो. लिंबाखाली सतरंजी टाकावी लागली. टोप्या काढून लोक डोलकाठीकडे बघत बसत. लिलाबाई डब्यात पिठलं-भाकर घेऊन आल्या, शोकाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून. "लय वाईट झालं सर. पयले काही तरास होता का तिले?" मी म्हणालो, होता, खालून पाणी यायचं. त्यांनी पदर तोंडाला लावला.

मी माणसं ओळखत होतो. गेल्या वर्षी पल्लवी गेली तेव्हा यातली बहुतेक सोयाबीनच्या सोंगणीत होती. पीक कापायला मजूर मिळत नव्हते, पावसाचा भरवसा नव्हता, सगळं मला पटलं होतं. यांच्यातली अर्धी पोरं तिच्या हातावर जन्मली. नर्सच्या नोकरीभर रात्री-अपरात्री हीच माणसं तिचं दार ठोठावत, म्हणून तर निवृत्तीनंतर तिने दाराला थाप पडणार नाही अशी जागा शोधली आणि तुमचं हे लाकूड घेतलं. तिच्यासाठी आले नाहीत, बोटीसाठी आले. सोंगणी नव्हती एवढाच फरक. मी सगळ्यांना चहा केला. (साखर कमी घातली.)

मग मोटरपंप लावून पाणी उपसलं आणि बोट वर आली. फळ्या फुगून अशा गच्च बसल्या की थेंब येत नाही. दौलतराव तेव्हापासून छाती काढून फिरतात आणि बंड्यांवर व्याख्यान देतात. नाही म्हणायला एकाच जागी झिरपतं, जिथे तुमचं रसायन आहे. तिथे लाकडाला फुगायला जागाच उरली नाही.

तेव्हा तुमचं म्हणणं मला मान्य आहे. बोट जुनी, हट्टी आणि कुरूप आहे. तीत ताठ उभं राहता येत नाही, पाठ धरते, घरी पंखा आहे. विकून टाकू. गिऱ्हाईक बघावं.

वैष्णवीताईंना जयभीम सांगावा.

तुमचा भाऊजी,
अश्वजित

ता. क. गिऱ्हाईक बघू नये. बघितलंच असेल तर त्याला पोहता येतं का ते विचारून घ्यावं, कारण मी त्याला आणायला काठावर जाणार नाही.

ता. क. पल्लवीचं वर्षाचं पुण्यानुमोदन आश्विनात येतं. यंदाही सोंगणीच असणार, त्यामुळे गर्दीची काळजी नाही. त्या दिवशी सकाळी शीड चढवावं असं मनात आहे. ती गेल्यापासून ते चढलेलं नाही. मी दोर ओढतो तेवढा वेळ कोणालातरी मागे सुकाणू धरून बोटीचं तोंड वाऱ्याकडे ठेवावं लागतं, आणि ते एकट्याला जमत नाही. ते काम तिचं होतं. बसूनच करायचं असतं, गुडघ्यांना त्रास नाही.

ती तिथे बसून सारख्या सूचना द्यायची. तुम्ही दिल्यात तरी चालेल.