दाबाची मुळी

४ मार्च, सोमवार

मी! मी चिपा खायला शिकायचं!

ब्युनोस आयर्सहून आलेली ती सोलाना. पांढरे कपडे, पायात काही नाही, आवाज असा की जणू शेजारच्या खोलीत कुणाचं तान्हं झोपलंय. तिने माझ्याच कारखान्यातला चिपा माझ्याच हातावर ठेवला आणि म्हणाली, "निमिया, आयुष्यात पहिल्यांदाच बघतेय असं याच्याकडे बघ. वास घे. जिभेवर ठेव. घाई नको." अगं बये, कसावाच्या पिठाचा, चीज घातलेला हा पाव माझ्या आजीने डोक्यावरच्या टोपलीतून बसथांब्यावर विकला. आईने पहिली भट्टी बांधली. इस्टर तोंडावर आलाय, पवित्र आठवड्यात अख्खा पॅराग्वे चिपाच खाणार आहे, आणि मी खुर्चीत बसून एक तुकडा चघळत राहायचं!

कल्पना कोणाची? रुफिनोची. माझा धाकटा भाऊ, भट्ट्या तोच सांभाळतो. मागच्या महिन्यात चीजवाल्यावर ओरडताना मला चक्कर आली — एकदा! डॉक्टर म्हणाले रक्तदाब वाढलाय. झालं! या पठ्ठ्याने एवारिस्तोकाकांना सांगून 'सजग नेतृत्व' का काय त्याचा वर्ग लावून दिला. काका आमच्या कंपनीचे अध्यक्ष, त्यांचं ऐकावं लागतं. इस्टरनंतरच्या सोमवारी भागीदारांची बैठक आहे. तिसरी भट्टी आणि ब्युनोस आयर्समधलं दुकान, दोन्ही मंजूर करून घ्यायचंय मला. आणि प्रमुखाची खुर्चीसुद्धा टिकवायची आहे, हे आजच कळलं. काका म्हणाले, "बैठकीत शांत दिसलीस तर बरं होईल, पोरी." दिसलीस म्हणे!

६ मार्च

श्वास मोजले. मोजता मोजता लक्षात आलं, चीजची गाडी आली नाहीये. शांतता गेली उडत.

८ मार्च

तो चिपा काही डोक्यातून जाईना. आज पुन्हा हळूहळू खाल्ला, कोणी बघत नसताना. बडीशेप कमी! मीठ जास्त! रुफिनोच्या हातून असं कधी झालं नव्हतं. तडक भट्टीवर गेले. हा कसावाच्या पिठाच्या पोत्यावर बसलेला! भर कामात! बाकीचे उभे आणि हा बसलाय.

"रुफिनो, बडीशेप कुठे गेली?"

"अगं ताई, राहिली असेल एखाद्या वेळी."

"राहिली असेल? लक्ष कुठे असतं तुझं?"

डावा हात चोळत हसला. "तुझ्या वर्गात मलापण घे ना. मीही बसतो डोळे मिटून."

"आणि भट्ट्या कोण बघणार? तुझा बाप?"

त्याचा बाप तोच माझा बाप. सगळे हसले. तोही हसला. मी नाही हसले. बडीशेपेवर आमचं नाव टिकलंय, हसण्यावर नाही.

११ मार्च

सोलानाला आज चांगलंच सुनावलं. म्हणते, तुमच्या लोकांना रोज गोलात बसवा. काम नाही, घाई नाही, नुसतं एकमेकांसोबत बसायचं. मोठमोठ्या कंपन्या म्हणे हल्ली हेच करतात!

अगं, आमच्या अंगणात सकाळी दहाला हेच व्हायचं की! आंब्याखाली सगळे बसायचे. थंड पाण्याचा जग, शिंगाचा एकच पेला, एकच नळी, पाल्यावर थंड पाणी ओतून फिरत फिरत तेरेरे प्यायचे. पाणी ओतायचं काम रुफिनोचं. पहिलं पाणी संत थोमासचं, ते कोणी प्यायचं नाही, मग आपलं. मीच फेब्रुवारीत ते बंद केलं. बसलेले उठायचेच नाहीत आणि भट्ट्या थंड व्हायच्या. ज्याने त्याने आपापल्या जागी, आपापल्या थर्मासमधून प्यायचं. रुफिनो तेव्हा म्हणाला होता, "एकट्याने तेरेरे? ते काय खोकल्याचं औषध आहे?" आता तेच रिंगण ही बाई मलाच विकतेय, तेही डॉलरमध्ये! माझ्याच अंगणातलं!

म्हटलं, ठीक आहे. दहाचं रिंगण पुन्हा सुरू. काकांना कळू दे मी किती सजग झालेय ते.

१२ मार्च

रिंगणाचं ऐकून रुफिनोच्या डोळ्यांत पाणी. तेरेरेसाठी! कमाल आहे.

१५ मार्च, शुक्रवार

हद्द झाली. हद्द!

आज मीही रिंगणात बसले. मालकीण आली म्हणून सगळे सावरून बसले, दोनतीन थट्टा झाल्या, बरं वाटत होतं. खोटं कशाला बोलू, खरंच बरं वाटत होतं. पेला माझ्याकडे आला. एक घोट घेतला आणि ओळखलं. दाबाची मुळी! तो कडवटपणा, तो मातीचा वास. आई शेवटी शेवटी रक्तदाबावर हीच प्यायची.

आमच्याकडे तेरेरेच्या पाण्यात काय कुटून घातलंय त्यावरून कळतं कोणाचं काय दुखतंय. पोटाला एक पाला, मूतखड्याला दुसरा. दुखणं एकाचं, पाणी सगळ्यांना. कारखान्याच्या फाटकाशी देओलिंदामावशी खलबत्ता घेऊन बसते, ती कुटून देते. आणि जग भरून आणतो रुफिनो. म्हणजे यानेच मावशीला सांगितलं. यानेच एकेकाच्या जिभेवर जाहीर केलं, की मालकीणबाई आजारी आहेत! तेही बैठक तोंडावर असताना!

भाजणीवरची कांदिदा डोळे बारीक करून म्हणते, "पाण्यात आजही दाबाची मुळी दिसतेय. कोणासाठी बरं?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. रुफिनो खाली मान घालून पाणी ओततोय. माझे कान तापले. पेला परत केला आणि ठणकावून म्हटलं, "धन्यवाद!"

रिंगणात धन्यवाद म्हटलं म्हणजे झालं. तुम्ही उठलात, पेला पुन्हा तुमच्याकडे येणार नाही. पहिल्याच फेरीत असं कोणी म्हणत नाही. रुफिनोने वर बघितलं. "ताई, बस ना जरा."

बस म्हणे! मला घरीच बसवायला टपलाय हा!

१८ मार्च

काकूंचा फोन. एवारिस्तोकाकांची ही बायको, हिच्या पोटात काही राहत नाही, देवाची कृपा. "रुफिनो येऊन गेला गं काकांकडे. म्हणत होता, आता एकाला या कामातून मोकळं करायला हवं, नाहीतर माणूस हातचा जाईल."

मोकळं! किती गोड शब्द शोधलाय! खुर्ची ओढायची आणि वर काळजीचा आव. लहानपणी याला कडेवर घेऊन फिरले मी, याचा शेंबूड पुसला. माझं रक्त उसळतंय नुसतं.

सोलाना म्हणते, आकाशातल्या ढगाकडे बघावं तसं रागाकडे बघा. बघितलं. ढगावर रुफिनो बसला होता.

२२ मार्च

त्याच्याशी बोलत नाही. कामाचं असेल ते कांदिदाकरवी. रिंगणातही जात नाही, खिडकीतून दिसतं. आज पाणी ओतायचं कामसुद्धा त्याने दुसऱ्याकडे दिलं होतं. स्वतः झाडाला टेकून डोळे मिटून बसलेला. वा! साहेबांचा आराम बघा!

माझा रक्तदाब मात्र उतरलाय. डॉक्टर खूश. सोलानाने तर टाळ्या वाजवल्या. "निमिया, आता तू प्रत्येक क्षणात हजर असतेस!" एवारिस्तोकाकांना लगेच कळवलं मी हे. नुसतं कळवलं नाही, तिच्याकडूनच फोन करवला.

२६ मार्च, मंगळवार

उद्या पवित्र बुधवार, वर्षातला सगळ्यात मोठा दिवस आमचा. पहाटेपासून गाड्या लागणार. अशात संध्याकाळी रुफिनो जिना चढून माझ्या खोलीत.

"ताई, उद्या भट्टीवर माझ्या जोडीला एक माणूस दे."

"आता? कुठून आणू? आईने एकटीने काढलाय हा दिवस."

"बरं. मग सोमवारी बैठकीत बोलतो मी."

"बोल ना! खुशाल बोल! पाठीमागे कुजबुजण्यापेक्षा समोर बोल!"

चौकटीला धरून उभा राहिला. धापा टाकत होता. कितीसा तो जिना! म्हणाला, "आवाज अगदी आईसारखा झालाय तुझा." आणि गेला.

दार लावलं आणि श्वासाचा सराव केला. पूर्ण. एकदाही मोजणं चुकलं नाही.

२७ मार्च, बुधवार

रुफिनो भट्टीपुढे कोसळला. हृदयाचा झटका. असुन्सियोनच्या इस्पितळात आणलंय. आत आहे.

कांदिदा रडत सांगत होती, पडण्याआधी हातातला ट्रे नीट खाली ठेवला त्याने. एक चिपा सांडला नाही.

मी नर्सवर ओरडले. अँब्युलन्सवाल्यावर ओरडले, गाडी बैलगाडीसारखी हाकली त्याने! डॉक्टरांनी विचारलं, यांना आधीपासून काही त्रास होता का? त्यांच्यावरही ओरडले. म्हटलं, काही नाही, ठणठणीत आहे माझा भाऊ, मला माहीत नसतं का!

२९ मार्च, गुड फ्रायडे

सकाळी देओलिंदामावशी बस पकडून इथवर आली. पिशवीतून दाबाची मुळी काढली. "रुफिनोसाहेबांची दोन दिवसांची राहिली. दोन वर्षं झाली, कधी चुकवली नाही त्यांनी. रिंगण बंद होतं तेव्हा माझ्यापाशी फाटकात उभ्यानेच प्यायचे. एकटे."

काकांना विचारलं, कोणाला मोकळं करा म्हणाला होता?

"स्वतःलाच की. तुला कोण वाटलं?"

डॉक्टर म्हणाले मुळी बंद, तेरेरे बंद. नुसतं पाणी चालेल, दोन घोट. मी पाणी शिंगाच्या पेल्यात नेलं. पहिलं संत थोमासचं म्हणून कुंडीत ओतलं. दुसरं त्याच्या ओठांना लावलं. पिऊन त्याने पेला माझ्या हातात दिला आणि माझ्याकडे बघत राहिला. मी जीव मुठीत धरून बसले, आता म्हणतोय धन्यवाद.

म्हणाला नाही.