हिंगाची डबी
विस्कॉन्सिन, जानेवारी १९८४, रविवार

आज अप्पांवर चिडले मी. सासरे आहेत, पण चिडले.

सासूबाई गेल्यावर विनयने आणि मी त्यांना वेंगुर्ल्याहून इथे आणलं. तेव्हापासून ते खिडकीपाशी बसून बर्फ बघतात आणि रोज जेवताना विनयला विचारतात, "माझं परतीचं तिकीट कधीचं काढतोस?"

म्हणून विनयने आज त्यांना गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला नेलं. मीही गेले. बर्फाला भोक पाडून त्याने गळाला मक्याचा दाणा लावला. कितीतरी वेळ काहीच नाही. मग अप्पांनी कोटाच्या खिशातून काय काढावं? कणकेचा गोळा आणि माझी हिंगाची डबी! शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूवरून आणलेली, मी चिमूट चिमूट पुरवते ती. अर्धी ओतली कणकेत!

"अहो अप्पा, तो फोडणीचा हिंग आहे!"

"खाडीवर गरवताना आम्ही हाच लावायचो. वासाशिवाय मासा येतो होय?"

त्या थंडीतही हिंगाचा वास सुटला. आणि दोरी ताणली गेली. चक्क ट्राउट! "वासंती, धर, धर!" अप्पा ओरडले. त्यांचा एवढा मोठा आवाज या घराने कधी ऐकलेला नाही.

संध्याकाळी तोच मासा तळला. जेवताना मी तिकिटाच्या प्रश्नाची वाट बघत होते. आलाच नाही. विसरले असतील? की मीच उगाच आशा लावून बसलेय?

काटे बाजूला काढत ते विनयला म्हणाले, "शिकागोला जाशील तेव्हा हिंगाच्या दोन डब्या आण. एक वासंतीच्या फोडणीला."