रिती हाळी

१२ नोव्हेंबर, धाराशिव
विद्यापीठानं विक्री कक्ष उघडला. प्राध्यापकांनी केलेलं जे जे विकता येईल ते आता संकेतस्थळावर विकायचं. रसायनच्या सरांची प्रयोगपेटी, कुणाची रोपं, कुणाची व्याख्यानं. संचालक म्हणाले, तुमच्याकडं ती मेंढपाळांची रेकॉर्डिंगं आहेत ना? आहेत. अकरा वर्षांची. सगळा आवाज नानांचा, माझ्या सख्ख्या चुलत्यांचा. जिल्ह्यातल्याच वाशीच्या पुढच्या माळावर अजून मेंढरं राखतात. आधी नको वाटलं. पण खरं लिहायचं तर सुखावले. माझं काम कुणी आपणहून मागितलं, हे पहिल्यांदाच.

१९ नोव्हेंबर
अर्ज भरला. एक रकाना : इतर हक्कदार. कक्षातले जाधव म्हणाले, नाव घातलंत तर त्यांचं संमतीपत्र, बॉण्ड, दोन साक्षीदार, महिना जाईल. ‘निरंक’ लिहा, सगळे तेच लिहितात. लिहिलं. नाहीतरी माझ्या फायलींत नाना ‘मा. १’च आहेत. माहितीदाता क्रमांक एक. लिहिताना हात अडला नाही.

२ डिसेंबर
खोका आला. वर मेंढीचं चित्र. ती शेळी आहे, कुणाला कळलं नाही. आत पुस्तिका, पेनड्राइव्ह, पितळी घंटी. मेंढपाळांचे शब्द, मेंढरांच्या दुखण्यांवरचे इलाज, शेवटी नानांची हाळी, कळपाला माघारी बोलावायची. संकेतस्थळावर ती नमुना म्हणून फुकट ठेवलीय. बोट लावलं की वाजते.
रेकॉर्ड केली तो दिवस आठवला. नानांनी आधी खिसा चाचपला, मीठ आहे का. मी म्हटलं, नुसता आवाज पाहिजे. म्हणाले, “रिती हाळी देऊ न्हाय, माय. मेंढरू एकदा फसतं, दोनदा फसतं. मंग इसरतं आपल्याला.” तीनदा आवाज घेतला, तिन्ही वेळा कळपाला मीठ चारलं. पुस्तिकेत हे छापलंय, पान ३१. मीच छापलंय.

२१ डिसेंबर, गावी
नानांना खोका दाखवला. घंटी वाजवून बघितली, गळ्यात बांधायच्या कामाची न्हाय म्हणाले, परत ठेवली. शेळी मात्र लगेच ओळखली. काकूंनी विचारलं, ह्यांचं नाव कुठाय? मी म्हटलं, पुढच्या आवृत्तीत. पुढची आवृत्ती वगैरे काही ठरलेलं नाही.

९ जानेवारी
काकूंचा फोन. फाट्यावरच्या हॉटेलात लोकांनी मोबाइलवर ती हाळी शोधून काढली. मेंढरं जाताना स्पीकरवर लावतात. पहिल्या दिवशी अख्खा कळप हॉटेलापुढं धावत गेला. मीठ कुणाकडं असणार? लोक हसले. आता रोजचा खेळ झालाय. नानांनी हॉटेलवाल्याचे पाय धरले म्हणे. माझ्या कानावर घालू नका, असं त्यांनी घरात बजावलंही होतं.
जाधवांना सांगितलं, नमुना काढा. म्हणाले, मॅडम, सगळ्यात जास्त तोच ऐकला जातो. बघू.
बघू म्हणजे नाही.

२३ जानेवारी
दोन मेंढ्या मेल्या. एक गाभण. फवारलेल्या हरभऱ्यात शिरल्या. नाना बांधावरून हाळी देत होते, एकीनंही मान वर केली नाही. सत्तरी उलटलेला माणूस, पळून किती पळणार...
संचालकांकडं गेले. म्हणाले, काढता येईल, पण हक्कदाराची हरकत लागते. अर्ज काढून बघितला. “इथं तर निरंक आहे.” चुकून लिहिलं, म्हटलं. म्हणाले, चुकून की माहीत असून? दुरुस्तीचा अर्ज द्या. मग चौकशी आलीच, आणि तुमची पदोन्नतीची फाइल वर गेलीय. चांगुलपणानंच बोलले. राग कुणाचा करू? आपणच खणलेला खड्डा.

१ फेब्रुवारी, गावी
दुरुस्तीचा अर्ज घेऊन आले. तोच रकाना, कोरा. नानांना सगळं सांगितलं. निरंक म्हंजी काय, विचारलं त्यांनी. मी म्हटलं, कुणी नाही, असं लिहिलं मी. मग एवढंच विचारलं, खरं लिव्हलं तर नोकरीला धक्का लागंल का? मी अर्जाची घडी घातली, पुन्हा उलगडली.
“मंग ऱ्हाऊ दे,” म्हणाले.
रागावले असते तर बरं झालं असतं.

२ फेब्रुवारी
सकाळी त्यांच्यासोबत माळावर. नाना नवीन हाळी बसवतायत. जुनी सोडून दिली, पन्नास वर्षांची. नवीन त्यांच्याच तोंडाला परकी वाटते, आवाज मध्येच फाटतो. मेंढरं चरत राहिली. हातातलं मीठ तसंच.
मग म्हणाले, फोनातली लाव बरं. मी नको म्हणाले. लाव म्हणाले. लावली. अकरा वर्षांपूर्वीचा आवाज, खणखणीत. म्होरकी मेंढी तेवढी थांबली. फोनकडं बघितलं, नानांकडं बघितलं, पुन्हा तोंड खाली घातलं.
नानांनी माझा हात ओढून त्यावर मीठ ओतलं.
“हाळी तू दिलीस. मीठ बी तूच दे.”
हात पुढं करून उभी राहिले. ऊन चढलं. घामानं मीठ ओलं झालं. एकही आली नाही. नाना लांब बांधावर जाऊन बसले होते, माझ्याकडं पाठ करून.
अर्ज पिशवीत आहे. रकाना अजून कोराच. कक्ष उद्या साडेदहाला उघडतो.